पिन मारू नका, बाबा

नागपुरात घर तापवायला कुणी पैसे मोजत नाही. २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला, तोही फुकटात. त्यामुळे धंतोलीतले निवृत्त गृहस्थ नातवाच्या बारशासाठी ऐन जानेवारीत मुलाकडे मॅसॅच्युसेट्सला जातात, तेव्हा घर तापवण्याचं बिल पाहून त्यांना घाम फुटतो. तेवढीच काय ती ऊब.

अमेरिकेच्या ईशान्य भागात लाखो घरं अजून तेलावर तापतात. टँकर येतो, तळघरातली टाकी भरून जातो. तेल म्हणजे जवळजवळ डिझेलच, पण लाल रंगवलेलं, म्हणजे रस्त्याचा कर चुकवून कुणी ते गाडीत ओतलं तर पकडता यावं. हे ऐकून बाबा एकदम खुलतात. रेशनचं निळं रॉकेल त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं. चोर सगळीकडे सारखेच, रंग तेवढा वेगळा!

मग एका रात्री हे तेल जाळून घर तापवणारा बॉयलर बंद पडतो. मुलगा लाल बटण दाबतो, बर्नर खोकतो, गप्प होतो. बाबा शर्टाच्या बाह्या वर सारतात.

"निपल चोंदलं असन. पिन आन."

त्यांचं निदान अगदीच पोकळ नसतं. पिनच्या स्टोव्हमध्ये तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि निपलच्या बारीक भोकातून फुर्र करत बाहेर पडते. भोक चोंदलं की पत्र्याच्या पट्टीला लावलेली पिन घालायची, चार पंप मारायचे, ज्योत निळी. विदर्भातल्या कित्येक घरांत ही शस्त्रक्रिया चहाआधी रोज व्हायची, आणि सर्जन बहुधा आई असायची.

बॉयलरमध्ये निपलच्या जागी नोझल असतं, पण त्यात वाफ नाही. पंप तेल दाबाने आत ढकलतो, आतल्या तिरप्या खाचा त्याला गरगर फिरवतात आणि डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या भोकातून ते धुक्यासारखं बाहेर फेकलं जातं. तिथे पिन घातली की भोकाची कड बिघडते, फवारा एका बाजूला झुकतो, थेंब भट्टीच्या भिंतीवर आपटतात आणि काजळी धरते. म्हणून मेकॅनिक ते साफ करायच्या भानगडीत पडत नाही. वर्षाकाठी बदलतो आणि जुनं कचऱ्यात टाकतो. नागपूरकर मन हे 'कचऱ्यात टाकतो' काही केल्या गिळत नाही.

मेकॅनिक येतो. जुन्या नोझलवर कोरलेलं असतं: ०.८५, ८०, बी. पहिला आकडा १०० पीएसआय दाबाला तासाला किती गॅलन तेल जाईल तो, ०.८५ म्हणजे साधारण सव्वातीन लिटर. दाब १४० केला तर तेच नोझल तासाला एक गॅलन ओतू लागतं, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. दुसरा आकडा फवाऱ्याच्या कोनाचा: लांबट अरुंद भट्टीला लहान कोन, आखूड रुंद भट्टीला मोठा. अक्षर फवारा भरीव की पोकळ ते सांगतं, आणि इथेच खरी गंमत. हे अक्षर कंपनीगणिक बदलतं. एकीचा भरीव फवारा 'बी', दुसरीचा 'एस'.

बाबा मुलाला बाजूला घेतात. "एक नंबर मोठं टाकाले सांग. कूलरचा मोठा पंप लावला तं काय थंड झालं होतं!" आणि लगेच, बिल आठवून, "नाही तं लहानच टाक."

दोन्ही सूचना मेकॅनिकपर्यंत पोहोचतात. मोठं नोझल बॉयलरला पेलत नाही, उष्णता धुरांड्यातून बाहेर जाते. फार लहान टाकलं तर धूर इतका थंड पडतो की आतल्या आत ओल धरून लोखंड खातो. तो बॉयलरवरची पाटी वाचतो, तिच्यावर लिहिलेलंच नोझल बसवतो, फिल्टर बदलतो, मग धुरांड्यात यंत्राची नळी घालून धूर तपासतो. नव्या नोझलच्या तोंडाला तो बोटसुद्धा लावत नाही. बाबांच्या हातातली टाचणी कधीच मुलाच्या खिशात गेलेली असते.

जुनं नोझल मात्र कचऱ्यात जात नाही. ते मोज्यात गुंडाळून नागपूरला येतं आणि इतवारीतल्या लोहा ओळीत एका काउंटरवर ठेवलं जातं. अमेरिकेत याचे किती घेतात ते बाबा सांगतात, इथे केवढ्याला पडेल ते विचारतात. दुकानदार चष्मा वर करून ते उजेडात धरतो, फुंकर मारतो.

"बदलायचं काऊन जी? चोंदलं आहे फक्त," म्हणत तो ड्रॉवरमधून पिन काढतो.