खुनी तोच, ब्योमकेश नवा

सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर समोर शेजारचे काका. चेहरा असा, की गावाकडून काही बरंवाईट कळलं असावं.

"नवा ब्योमकेश येतोय म्हणे," ते म्हणाले.

"कोण करतोय?"

"ते अजून ठरायचंय. पण जमायचं नाही त्याला."

नट ठरलेला नाही, पोस्टर आलेलं नाही, बातमीसुद्धा कुणीतरी कुणाला पुढे ढकललेली. काकांचं परीक्षण मात्र तयार. त्यात फक्त नावाची जागा कोरी आहे, लग्नपत्रिकेच्या पाकिटावर असते तशी.

काकांना उतावळे म्हणू नका. शरदिंदू बंद्योपाध्याय ब्योमकेशच्या या बंगाली रहस्यकथा १९३२ पासून लिहू लागले. ‘सत्यान्वेषी’ या कथेतल्या मेसमधला कोकेनचा धंदा कुणाचा, हे आता नव्वद वर्षांचं जाहीर गुपित आहे. मालिका बघता बघता डुलक्या काढणाऱ्या आमच्या आईलाही ते ठाऊक होतं. "डॉक्टरच तो," असं ती डोळे मिटून सांगायची. तेव्हा जुन्या रहस्यकथेच्या नव्या मालिकेत खुनी कोण हा प्रश्नच उरत नाही. ब्योमकेश कोण, एवढंच रहस्य असतं आणि आपण त्याच्यावर आरोपपत्र घेऊन टपलेले असतो.

आजवरचे आरोपीही थोडेथोडके नाहीत. १९६७ साली सत्यजित राय यांनी ‘चिडियाखाना’मध्ये थेट उत्तमकुमारला उभं केलं. पुढे स्वतः रायबाबूच त्या चित्रपटावर नाराज असत, म्हणजे काकांच्या पंथाचे आद्य पुरुष तेच. २०१३ साली ऋतुपर्णो घोष यांनी ‘कहानी’च्या दिग्दर्शकाला, सुजॉय घोषलाच, ब्योमकेश केलं. २०२३ साली तर कहर झाला. ‘दुर्गरहस्य’ या एकाच कादंबरीवर ऑगस्टमध्ये चित्रपट आणि ऑक्टोबरमध्ये वेबमालिका! दोन महिन्यांत एकच खून दोनदा. कोलकात्यात ब्योमकेश न झालेला नट भेटला तर त्याची विचारपूस करावी, तब्येत बरी नसेल.

आणि २०१५ चा हिंदी सिनेमा? शरदिंदूंच्या गोष्टींत या माणसाला ‘डिटेक्टिव्ह’ शब्दाचं वावडं. दारावर पितळी पाटी लावली तीसुद्धा ‘सत्यान्वेषी’ अशी. सिनेमाने नावाच्या सुरुवातीलाच ‘डिटेक्टिव्ह’ चिकटवलं आणि शेवटी उद्गारचिन्ह मारलं. बिचाऱ्याच्या पाटीवरच डल्ला.

पाटीचा विषय निघाला की आमच्या काकांच्या अंगात पुणं संचारतं, कारण शरदिंदू १९५२ च्या सुमारास मुंबईची सिनेमाची नोकरीबिकरी सोडून पुण्यात येऊन राहिले आणि ब्योमकेशच्या बऱ्याचशा गोष्टी त्यांनी इथेच बसून लिहिल्या. "बघ," काका म्हणतात, "मला डिटेक्टिव्ह म्हणायचं नाही, अचूक शब्द वापरा, असं दारावर लिहून ठेवणारा माणूस कुठला असणार?" ती पाटी शरदिंदू पुण्यात येण्याच्या वीसेक वर्षं आधीची आहे. मी तसं म्हणालो. पण असल्या तपशिलाने काका खचत नाहीत.

त्यांचा खरा ब्योमकेश अर्थात दूरदर्शनचा. १९९३ चा. राजित कपूर, मित्र अजितच्या भूमिकेत के. के. रैना आणि बायको सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी. ‘आपली’ हा शब्द काका असा उच्चारतात, की कन्यादान त्यांनीच केलं असावं. मी त्यांना कितीही चिडवलं तरी एक कबूल करायला हवं: ते चुकत नाहीत. दिग्दर्शक होते बासू चॅटर्जी. ‘छोटी सी बात’मध्ये ज्यांनी बसस्टॉपवर एक अख्खं प्रेमप्रकरण उभं केलं, त्यांना मध्यमवर्गीय माणसाच्या खोलीत कॅमेरा कुठे ठेवायचा हे कुणी शिकवायची गरज नव्हती. पाठलाग नाही, धुकं नाही, दिवे पुरेसे लावलेले. माणसं खुर्चीत बसून बोलतात, चहा येतो, कुणीतरी खोटं बोलतं आणि समोरचा शांतपणे सिगारेट पेटवतो. बस्स. तेवढ्यात भाग संपायचा.

आता ती सिगारेट पेटली की कोपऱ्यात इशारा उगवतो. ब्योमकेश आणि अजित या दोघांचा धूर बघता नव्या मालिकेत सर्वांत जास्त वेळ पडद्यावर तो इशाराच असेल.

बाकीचं भाकीत मी पंचांग न उघडता सांगतो. भाग आठ. प्रत्येक पन्नास मिनिटांचा. उजेड इतका कमी, की खून झाला की दिवे गेले हे शेजारी विचारून यावं लागेल. आणि नायकाला एक जखम असेल, मनाची. मूळ गोष्टींत ब्योमकेशचे वडील गणिताचे मास्तर, आईवडील दोघंही क्षयाने गेले आणि पोरगा शिकत राहिला. शरदिंदूंनी हे एका परिच्छेदात उरकलंय, ब्योमकेशही त्याचं भांडवल करत नाही. मालिकेत त्याला तीन भाग लागतील. पावसात.

जे दाखवायची नव्या मालिकेची छाती होणार नाही ते वेगळंच आहे. हा गृहस्थ एका खुनाच्या तपासात भेटलेल्या मुलीशी लग्न करतो आणि लग्नानंतरही मित्र त्याच घरात राहतो. दोघं मिळून पुस्तकप्रकाशनाचा धंदा काढतात. म्हणजे मराठी प्रकाशकांच्या अनुभवाने बघायचं तर खुनांहून धाडसी काम. पुढे तो दक्षिण कोलकात्यात केयातल्याला घर बांधतो. बायकोशी कुरबुरी करतो. घर बांधणारा डिटेक्टिव्ह! विटांचे भाव विचारणारा नायक कुठल्या चर्चेच्या टेबलावर मंजूर होईल? शेवटची गोष्ट तर १९७० साली लेखकच गेल्याने अर्धी राहिली. त्या एकाच खुनाचा खुनी आमच्या आईलाही ठाऊक नव्हता.

हे सगळं मी काकांना उत्साहाने ऐकवलं. त्यांनी मान डोलावली.

"म्हणजे बघण्यात अर्थ नाही."

"अजिबात नाही."

"मी तर बघणार नाहीच," दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेत काका म्हणाले. मग थोडं पुढे झुकून, जिन्यात कुणी नाही ना हे बघत, "तुझा पासवर्ड तेवढा लिहून दे. मोठ्या अक्षरात."