पाणी घातले आहे

"काका, पाणी कमी घाला," नर्सरीतल्या मुलानं पैसे घेताना एवढंच बजावलं होतं. मी मान डोलावली. आमच्या घरात 'कमी' हा शब्द फक्त मिठापुरता, तोही डॉक्टरांनी दम दिल्यापासून.

हिरव्या गोल मण्यांच्या सरी कुंडीतून खाली सोडणारी वेल गॅलरीच्या ग्रिलला टांगली. इंग्रजांनी हिला मोत्यांची माळ म्हटलंय. कामाच्या मावशी म्हणाल्या, "मटार कशाला ओवून ठेवलेत?" मावशींची नजर जास्त खरी.

मग सुरू झाला आग्रह. सकाळी तुळशीला घालून उरलेला तांब्या आई हिच्यात रिता करायची, दुपारी मुलगी, रात्री मी, ऊन फार होतं म्हणून. पंगतीतला माणूस निदान पानावर आडवा पडून "पुरे" म्हणतो. हिला ती सोय नाही. पंधरवड्यात मणी मऊ, पाणचट झाले, बोट लावताच फुटायला लागले. बुडाशी खोड काळं पडलं होतं.

तेव्हा कुठे हिची चौकशी केली, म्हणजे सोयरीक ठरल्यावर पत्रिका पाहिली. माहेर दक्षिण आफ्रिकेतला ईस्टर्न केप. तिथं ही लोंबत नाही, झुडपांच्या नि दगडांच्या सावलीत जमिनीवर सरपटते आणि टेकेल तिथं मूळ धरते. लोंबणं ही आपली हौस. कूळ मात्र चक्क सूर्यफुलाचं, आणि इवल्या पांढऱ्या फुलांना म्हणे दालचिनीचा वास! पान गोल अशासाठी, की उन्हाला अंग कमीत कमी दिसावं आणि साठवलेलं पाणी उडू नये. पण मग आतल्या बाजूला उजेड? त्यासाठी प्रत्येक मण्यावर एक पारदर्शक चीर असते. खिडकीच ती. आमच्या बिल्डरला एवढी अक्कल असती तर स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावावा लागला नसता.

धडधाकट उरलेल्या चार सरी कापल्या, दोन दिवस सुकू दिल्या आणि वाळू नि विटांचा चुरा घातलेल्या मातीवर नुसत्या वेटोळं करून ठेवल्या. मुळं फुटली. आता मणी हलकेच चेपून बघतो. टणक असले तर तांब्या परत, किंचित सुरकुतले तरच पाणी. पावसाळ्यात मुक्काम घरात.

प्रश्न आईचा होता. म्हणून कुंडीला पाटी अडकवली, 'पाणी घातले आहे'. ती रोज सकाळी चष्मा लावून वाचते आणि समाधानानं तुळशीकडे वळते. तीन आठवडे झाले, पाटी तीच आहे.