भाऊ, ओट्यावर या

भाऊ,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार' अशी करायची आपली पद्धत आहे. त्यातला नमस्कार घ्या. प्रेम आज माझ्याकडे नाही, म्हणून ते लिहिलेलं नाही. तुमचं नावही लिहीत नाही. गावाला ते ठाऊक आहे, आणि गावाबाहेर कळून कुणाचं भलं होणार नाही.

गेल्या महिन्यात मास्तर गेले. सकाळी सातच्या सुमारास त्यांच्या मुलाने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी टाकली. वडील पहाटे गेले, त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान होईल, दहावा-तेरावा होणार नाही. अर्ध्या तासात तुमचा मजकूर आला. 'देव न मानणाऱ्याला कसली सद्गती? आता पोरं चिरतील कुत्र्यासारखं.' त्याखाली जोडलेले हात आणि 'राम कृष्ण हरी'.

माझे वडील, नाना, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. फोन नाकाजवळ धरून ते प्रत्येक मजकूर मोठ्याने वाचतात, तसा तुमचाही वाचला. 'कुत्र्यासारखं' या शब्दाशी अडखळले, आपलंच वाचण्यात चुकलं असेल असं वाटून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, 'पुरे, नका वाचू.' नानांनी फोन पालथा ठेवला आणि गळ्यातल्या माळेचे मणी चाचपत बसले. नाना पन्नास वर्षांपासून माळकरी आहेत, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ज्याच्या नावाने सही केलीत त्याच्या पायी ते दर आषाढीला चालत जात. त्या सकाळी त्यांना लाज वाटली ती तुमची, आणि तुमच्यामुळे 'राम कृष्ण हरी' या शब्दांचीही. हे मी तुम्हाला कधीच विसरू देणार नाही.

नाना आणि मास्तर यांचा वाद चाळीस वर्षं चालला. आमच्या ओट्यावर, संध्याकाळच्या चहाला. तुम्ही शाळेत असताना समोरच्या पारावर बसून तो ऐकलेला आहे, म्हणून तुम्हाला हे सांगायची गरज पडावी याचंच मला वाईट वाटतं. मास्तर बोलायला मवाळ नव्हते. नवस म्हणजे देवाला दिलेली लाच, असं ते नानांच्या तोंडावर म्हणत. नानाही कमी नव्हते. 'देवच नाही तर मास्तर, तुम्ही भिता कुणाला?' असं त्यांनी एकदा विचारलं. मास्तर म्हणाले, 'वर्गातल्या पोरांना. उद्या मोठी होऊन जाब विचारतील ती.' आवाज चढत. एकदा तर नाना चहा अर्धा टाकून घरात निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी दोन कप ओट्यावर होतेच.

21 सप्टेंबर 1995 आठवतो? गुरुवार होता. देशभर गणपती दूध प्यायला लागला त्या दिवशी आपल्या देवळातही रांग लागली. नानांनी स्वतः चमच्याने दूध पाजलं आणि धावत येऊन मास्तरांना सांगितलं. मास्तर हसले नाहीत. हसले असते तर नानांनी त्यांचं तोंड पाहिलं नसतं. ते देवळात आले, बाहेर चप्पल काढली, रांगेत उभे राहिले, आणि आपला नंबर आल्यावर एवढंच म्हणाले, 'नाना, दुधात थोडं कुंकू घाला.' चमचा सोंडेला टेकला आणि संगमरवरावर लाल ओघळ सोंडेवरून पोटाकडे उतरताना सगळ्यांना दिसला. मग मास्तरांनी वाटी हातात घेऊन पृष्ठताण समजावून सांगितला. चमच्याच्या काठावरचं दूध मूर्तीला टेकलं की ओढलं जातं, पातळ थर होऊन खाली वाहतं, पांढऱ्यावर पांढरं म्हणून दिसत नाही. नाना दोन दिवस फुरंगटले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'गणपती दूध पीत नाही, हे पटलं. गणपती नाही, हे त्यातून कुठे निघतं?' मास्तर म्हणाले, 'नाही निघत.' हे कबूल करायला त्यांना एक क्षणही लागला नाही.

आणि किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर 1993ची पहाट. विसर्जनाच्या मिरवणुका संपवून माणसं झोपली होती आणि चार वाजायच्या आत माळवदाची जड घरं त्यांच्यावर बसली. हजारो माणसं गेली. आपल्या गावाने भाकरी, चादरी, पाण्याचे कॅन घेऊन ट्रक पाठवला, त्यात नाना आणि मास्तर दोघंही होते. जाताना रस्त्यात मास्तरांनी विचारलं, 'नाना, देवाला पोचवून झोपलेल्या माणसांनी त्याचं काय वाकडं केलं होतं?' नानांकडे उत्तर नव्हतं. ट्रकमधला एक जण म्हणाला, 'पाप केलं असेल.' त्याला नानांनी असं झापलं की तो पुढे परत येईपर्यंत बोलला नाही.

तिथे एक बाई ढिगाऱ्यात काहीतरी शोधत होती. नवरा आणि दोन मुलं गेलेली. नानांनी विचारलं तेव्हा म्हणाली, देव्हारा शोधतेय. नानांनी मास्तरांकडे वळून विचारलं, 'हिला काय सांगायचं ते आता तुम्ही सांगा.' मास्तर म्हणाले, 'हिला काही सांगायचं नाही. हिला पाणी द्यायचं.' मग दोघांनी बराच वेळ तिच्याबरोबर दगड उचलले. देव्हारा सापडला की नाही हे नानांनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

देव न मानणाऱ्या ज्या माणसाने एका बाईचा देव शोधायला दगड उचलले, त्या माणसाच्या मरणावर तुम्ही 'कुत्र्यासारखं' लिहिलंत.

तुम्ही म्हणाल, मी धर्माची बाजू घेतली. कुठल्या धर्माची? माधवाचार्य स्वतः वेदान्ती होते. चौदाव्या शतकात त्यांनी 'सर्वदर्शनसंग्रह' लिहिला, आणि त्यातलं पहिलं प्रकरण नास्तिक चार्वाकाला दिलं. आधी विरोधकाचं म्हणणं त्याच्या तोंडून पूर्ण मांडायचं, याला पूर्वपक्ष म्हणत, आणि तो नीट मांडता आला नाही तर उत्तर द्यायचा अधिकारच नव्हता. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. खरं काय ते दोघांनी मिळून शोधणं हा वाद, नुसतं जिंकण्यासाठी बोलणं हा जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडतोड करणं ही वितंडा. त्या सकाळचं तुमचं लिहिणं यातल्या शेवटच्या पायरीवरही बसत नाही. वितंडेलाही समोर जिवंत माणूस लागतो.

पुण्यात सुधारक आगरकरांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढणारे लोक होते. आगरकर 1895 साली गेले, अवघे अडतीस वर्षांचे. टिळकांशी त्यांचं भांडण किती कडू होतं हे महाराष्ट्राला पाठ आहे, तरी 'केसरी'त मृत्युलेख लिहायला टिळकच बसले. ती प्रेतयात्रा ज्यांनी खांद्यावर घेतली त्यांची नावं आज कुणाला सांगता येतील? तुम्ही कुणाच्या रांगेत जाऊन उभे राहिलात ते बघा.

20 ऑगस्ट 2013ला पुण्यात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या, त्या दिवशीही आपल्याच गावात कुणीतरी पेढे वाटायची भाषा केली होती. शब्दाने गोळी सुटते असं मी म्हणत नाही. पण माणूस पडल्यावर त्याचा आनंद मानायची सवय शब्दांनीच लागते, आणि ती तुम्ही लावून घेतली आहे. नाना त्या दिवशी मास्तरांच्या घरी जाऊन बसले. दोघं काहीच बोलले नाहीत. जादूटोणाविरोधी कायद्याने वारी बंद होणार, अशी हूल तेव्हा उठवली होती, आणि नानांना ती मनातून खरी वाटत होती. कायदा झाला तेव्हा मास्तर त्याची प्रत घेऊन आले आणि यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, हे त्यांनी नानांना ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. देव न मानणारा माणूस वारकऱ्याची भीती घालवायला तालुक्याहून कागद आणतो. तुम्ही तुमच्या श्रद्धेसाठी आजवर किती पानं वाचलीत, भाऊ?

आता दुसऱ्या बाजूचं. तुमच्या मजकुराला उत्तर दिलं माझ्या चुलतभावाने. तो पुण्यात असतो, शिकलेला आहे, मास्तरांचा विद्यार्थी आहे, आणि त्याला राग आला यात त्याचं चुकलं नाही. पण त्याने लिहिलं की विठोबा म्हणजे दगड आणि वारी म्हणजे बिनडोकांची जत्रा. या पत्राची प्रत त्यालाही पाठवते आहे. तुमच्या शब्दाने नानांना लाज वाटली, त्याच्या शब्दाने ते रडले. कारण तो त्यांच्या मित्राची बाजू घेऊन त्यांनाच मारत होता. तरडगावच्या मुक्कामाला दिंड्या आपल्या शाळेत उतरत, तेव्हा खोल्या कोण झाडायचं? चांदोबाच्या लिंबाचं रिंगण बघून आलेल्या म्हाताऱ्यांच्या पायांचे फोड गरम पाण्याने धुऊन त्यांना मलमपट्टी कोण करायचं? मास्तर. ते देव मानत नव्हते, पण त्या म्हाताऱ्यांचे पाय मानत होते. ज्यांनी ते पाय हातात धरले त्यांच्या तोंडून 'बिनडोक' हा शब्द कधी आला नाही, मग त्यांच्या शिष्याच्या तोंडून कसा आला?

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर शंभराहून जास्त मजकूर पडले. मास्तरांबद्दल त्यात चार होते.

मास्तरांना सेवाग्रामची एक गोष्ट सांगायला फार आवडायची. आंध्रातले गोरा, म्हणजे गोपाराजू रामचंद्र राव, कट्टर नास्तिक. 1944 साली ते गांधींना भेटायला सेवाग्रामला आले. गांधी दिवसातून दोनदा प्रार्थना करणारे. दोघं बोलत राहिले, पुन्हा पुन्हा भेटत राहिले. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक, असं मला म्हणता येत नाही, आपण दोघंही सत्य शोधतोय, अशा अर्थाचं गांधी त्यांना म्हणाले. गोरांच्या मुलीचं लग्न दलित तरुणाशी ठरलं, ते आश्रमात लावायला गांधी तयार झाले, आणि विधीत ईश्वराऐवजी सत्याचं नाव घ्यायलाही तयार झाले. मग 30 जानेवारी आली. लग्न मार्च 1948मध्ये सेवाग्रामलाच झालं, गांधींशिवाय. मास्तर इथे नेहमी थांबत आणि नाना नेहमी म्हणत, 'बघा, नमतं घेतलं ते देव मानणाऱ्याने.' मास्तर म्हणत, 'म्हणून तर सांगतो.'

एक गोष्ट फक्त मी पाहिली, म्हणून लिहिते. देह न्यायला गाडी आली तेव्हा नाना तुळशीचं पान आणि बुक्क्याची पुडी खिशात घेऊन आले होते. आपल्याकडे माणूस निघाला की तोंडात तुळस ठेवतात. नाना मास्तरांच्या उशाशी उभे राहिले, पान बाहेर काढलं, हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. त्या वेळी मास्तर त्यांना अडवू शकत नव्हते. मुलगाही काही बोलला नसता. नानांनी पान परत खिशात घातलं, मास्तरांच्या पायांवर दोन्ही हात ठेवले आणि बाजूला झाले. घरी आल्यावर ते पान त्यांनी ज्ञानेश्वरीत ठेवलं. अजून तिथेच आहे.

तुम्ही म्हणता तशी पोरं मास्तरांना चिरतील, हे खरं आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाची पोरं. माणसाच्या आत काय असतं हे ती मास्तरांकडून शिकतील. आपणही शिकलो असतो.

मला तुमची माफी नको. ग्रुपवर 'चुकलं असल्यास क्षमस्व' लिहून हात जोडू नका, ते हात मी एकदा पाहिले आहेत. नानांनी निरोप दिलाय तो असा. देव आहे असं तुम्ही मानता, नानाही मानतात. पण किल्लारीच्या त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना अजून सुचलेलं नाही, आणि विचारणारा तर गेला. तुमच्याकडे असेल तर या. चहाला दुसरा कप रिकामाच असतो. आणि पालखी यायच्या आधी शाळेच्या खोल्या झाडायच्या आहेत. किल्ली मास्तरांच्या मुलाने नानांकडे आणून दिली आहे.