पीएनआरचे धनी

जानेवारी जवळ आला की भोसरी-चाकणच्या कारखान्यांत इम्टेक्सचे वारे वाहू लागतात. इम्टेक्स म्हणजे बंगळुरूला भरणारं मशीन टूल्सचं प्रदर्शन, जोडीला चर्चासत्रं. एमडी विमानानं जातात, कारण त्यांचा वेळ मोलाचा असतो. बाकीच्यांचा वेळ उद्यान एक्स्प्रेसनं जातो. या बाकीच्यांना तिथवर नेऊन सुखरूप परत आणायचं काम कुणीही न सांगता अंगावर घेणारा एक गृहस्थ प्रत्येक कंपनीत असतोच. हुद्दा स्टोअर्स इन्चार्ज किंवा त्याच्या आसपासचा. सगळे त्याला भाऊ म्हणतात, वयानं मोठे असलेलेसुद्धा.

एरवी वर्षभर भाऊंना कुणी विचारत नाही. मीटिंगमध्ये त्यांचं नाव निघतं ते ‘इन्सर्ट संपले कसे?’ एवढ्यापुरतं. पण व्हॉट्सॲपवर ‘बंगळुरू दौरा’ नावाचा ग्रुप निघाला की भाऊंचा आवाज बदलतो. ‘सर्वांनी आधारप्रमाणे नाव पाठवा. टोपणनाव चालणार नाही.’ प्लँट हेडसुद्धा सुटत नाहीत. ‘साहेब, वय टाकायचं राहिलं. साठ झाली असतील तर लोअर बर्थ मागता येईल.’ साहेब चोपन्नचे असतात. त्या दिवशी ते केबिनबाहेर येत नाहीत.

रेल्वेचं आगाऊ बुकिंग 2024च्या नोव्हेंबरपासून 120 दिवसांऐवजी 60 दिवस आधी उघडतं. ही कपात भाऊंनी पगारकपातीसारखी मनाला लावून घेतली आहे. त्यांचं सगळं कसब इथंच तर असतं. बर्थच्या आकड्याला आठानं भागायचं. बाकी एक किंवा चार उरली तर लोअर, दोन-पाच मिडल, तीन-सहा अपर, सात साइड लोअर, आणि काहीच उरलं नाही तर साइड अपर. स्टोअर्समधली बेअरिंगं तीनदा मोजूनही ज्याच्या हिशोबात दोन कमी भरतात, तो हा माणूस 43 म्हणायचा अवकाश, ‘अपर!’ म्हणून मोकळा होतो.

पण खरी सत्ता वेगळीच. एका पीएनआरवर सहाच माणसं मावतात आणि कंपनी नेमकी सात पाठवते. सातवा कोण, हे भाऊ ठरवतात. सातव्याचं तिकीट वेगळं निघतं, वेगळ्या डब्यात पडतं, बहुधा टॉयलेटलगतच्या साइड अपरवर. परंपरेनं हा मान ट्रेनीचा. मात्र स्टोअर्सचं ऑडिट जरा कडकपणे करणाऱ्या क्वालिटीच्या साहेबांनाही तो मिळालेला मी पाहिला आहे. भाऊ तेव्हा मनापासून हळहळले होते. ‘काय करणार साहेब, सिस्टिमनंच टाकलं.’

गाडीत बसल्यावर पहिला नियम असा की दौंड गेल्याशिवाय डबे उघडायचे नाहीत. पोटात कावळे ओरडत असले तरी नाही. दौंड गेलं की भाऊ खालच्या बर्थवर वर्तमानपत्र अंथरतात, चारी कोपरे तळहातानं दाबून सारखे करतात आणि वहिनींनी दिलेली धपाट्यांची चवड सोडतात. वाढणार तेच. एचआरच्या मॅडमच्या पानात ठेचा घालताना म्हणतात, ‘खास तिखट नाही.’ मॅडमच्या डोळ्यांतून धारा लागल्यावर शांतपणे दह्याचा डबा पुढे सरकवतात. त्यांनी तो आधीच उघडून ठेवलेला असतो.

सोलापूरला ते शेंगाचटणी आणायला उतरतात. गाडी हलते तरी पत्ता नसतो. सगळे दारात गोळा होतात, ट्रेनीचा हात साखळीकडे जातो, आणि तेवढ्यात भाऊ पलीकडच्या डब्यातून सुटे पैसे मोजत निवांत चालत येतात. दरवर्षी असंच घडतं. हे ते मुद्दाम करतात, असा माझा संशय आहे.

कलबुर्गी मागे पडलं की मेंढीकोट. वाटणी अशी होते की प्लँट हेड भाऊंचे भिडू. ‘साहेब! हातातली मेंढी घालवलीत!’ असं भाऊ डबाभर ऐकू जाईल इतक्या आवाजात ओरडतात आणि साहेब चक्क ‘सॉरी भाऊ’ म्हणतात. हीच भाषा शॉपफ्लोअरवर निघाली तर दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडेल. रात्री दहाच्या ठोक्याला डाव मोडतो. मिडल बर्थ उघडायची वेळ दहा ते सहा, नियम म्हणजे नियम. मग सगळ्यांच्या बॅगा एकाच साखळीत ओवून कुलूप लागतं आणि किल्ली भाऊंच्या बनियनच्या खिशात जाते. पहाटे दात घासायला निघालेले चार अधिकारी घोरणाऱ्या भाऊंभोवती उभे असतात, पण किल्ली काढायची छाती एकाचीही होत नाही.

बंगळुरूत उतरल्यावर टॅक्सीवाल्यांशी घासाघीस पूर्वी तासभर चाले. आता हिरव्या मार्गाची मेट्रो प्रदर्शनाच्या मैदानापाशी, मादावरापर्यंत जाते, त्यामुळे भाऊंचा एक आवडता कार्यक्रम बुडाला आहे. प्रत्यक्ष प्रदर्शनात इंजिनिअर मंडळी फाइव्ह-ॲक्सिस मशीनसमोर माना डोलावत उभी राहतात. भाऊ मशीनकडे पाहत नाहीत, मशीनशेजारच्या पोऱ्याकडे पाहतात. ‘गाव कुठलं?’ पोरगा कराडचा निघतो. पाच मिनिटांत सातही जणांना खुर्च्या आणि चहा मिळतो. शिवाय त्या मशीनचा स्पिंडल कितीदा बसला आणि स्पेअर यायला किती महिने लागतात, हेही भाऊंना कळतं. हे कॅटलॉगमध्ये नसतं. चर्चासत्रात तर नसतंच.

परतल्यावर एमडींपुढे आढावा होतो. इंजिनिअर मंडळी स्लाइड दाखवतात, ऑटोमेशन, डिजिटल वगैरे शब्द फिरून फिरून येतात. शेवटी एमडी सहज विचारतात, ‘भाऊ, तुम्हाला काही सुचवायचंय?’

भाऊ उभे राहतात. ‘पुढच्या वेळी सात नकोत, साहेब. सहा न्या, नाहीतर बारा.’

सबंध मीटिंगमध्ये एमडींनी मिनिट्समध्ये घ्यायला सांगितलेला मुद्दा हा एकच.