पिस्तुलाला तिजोरी, शेडला कुलूप

चाकणजवळच्या निघोजे गावात बंगला झाला, बंगल्यापुढे स्कॉर्पिओ आली, स्कॉर्पिओत पुढे बसणारे दोघे आले आणि मागे बसणाऱ्याच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल आलं. आता एकच प्रश्न उरलाय. हे रात्री ठेवायचं कुठे? गादीखाली ठेवलं तर बायको ओरडते, देवघरात ठेवलं तर आई. म्हणून आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या तमाम भाऊ, आण्णा, दादा आणि शेठ यांच्या सोयीसाठी आजचा विषय : घरच्या शस्त्रासाठी अग्निरोधक तिजोरी कशी निवडावी.

आधी कायदा उरकू. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याच्या अर्जाबरोबर शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. हमी सगळेच देतात. इतक्या गरीब चेहऱ्याने भाऊ दुसऱ्या कुठल्याच कागदावर सही करत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि वरातीत आनंदाच्या भरात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अमेरिकेत चोवीस रायफली उभ्या राहतील अशा तिजोऱ्या मिळतात. आमच्या एका भाऊंना नेमकी तीच हवी आहे. एक खाच कानपूरच्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरला, एक पुढच्या पिस्तुलासाठी राखीव. उरलेल्या बावीस खाचांत सातबारे, फेरफार, इसार पावत्या आणि भंगाराच्या ठेक्याची कागदपत्रं. खरी दारू तिथेच भरलेली आहे.

आता आग. अग्निरोधक तिजोरीच्या दोन पत्र्यांमध्ये काँक्रीट किंवा जिप्समसारखा मसाला असतो. तो तापला की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता खाते. तासाभराच्या चाचणीत भट्टी नऊशे अंशांच्या वर जाते. कागदपत्रांसाठीच्या अमेरिकी कसोटीत मात्र आतलं तापमान १७७ अंशांच्या वर जाऊन चालत नाही. आपल्याकडचा दाखला मुंबईच्या गोदीचा. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे दारूगोळा, कापूस आणि सोनं भरलेलं जहाज फुटलं. सोन्याची एक वीट जवळपास मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्याच आगीत सापडलेल्या आपल्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत निघाला, असं गोदरेजवाले आजही अभिमानाने सांगतात. सोनं उडालं, कागद टिकले. जमीन विकून आलेल्या पैशाचं काय होतं आणि तिच्या दाव्याच्या फायली कशा पिढ्यान् पिढ्या टिकतात, हे पाहिलेल्या आमच्या तालुक्याला यात नवल वाटणार नाही.

पण तासाभराचं रेटिंग ठरवणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : तासाभरात बंब येतो. त्या सद्गृहस्थांनी शिफ्ट सुटताना चाकणचा तळेगाव चौक पाहिलेला नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर कंपन्यांच्या बस, कंटेनर आणि मोटारसायकली एकमेकांत अडकल्या की भोंगा वाजवणाऱ्या बंबाला लोक वाट देत नाहीत असं नाही. द्यायला वाट नसते. तेव्हा दुकानदाराकडे तासाचं रेटिंग मागू नका. ‘संध्याकाळी सहा ते नऊ’चं मागा.

आणखी दोन बारीक सूचना. अग्निरोधक मसाल्यात ओल असते, त्यामुळे आत ठेवलेलं शस्त्र गंजतं. तेलाचा हात फिरवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा, कारण भरलेलं पिस्तूल आगीत तापलं की कुणी घोडा न दाबताही उडतं आणि समोर बिचारा बंबवाला असतो. हे भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे चोर आल्यावर त्याला काय सांगू? जरा थांब, भरून घेतो?”

चोराचं म्हणाल तर तिजोरीचं वजन बघा आणि ती जमिनीत बोल्टने पक्की करून घ्या. २०२१ मध्ये इथून जवळच भांबोलीला चोरांनी स्फोटकं लावून एटीएम उडवलं होतं. तुमचं दीडशे किलोचं कपाट पिकअपमध्ये टाकून न्यायला त्यांना दारूगोळाही लागणार नाही.

त्यानंतर चावी. तांदळाच्या डब्यात ठेवली तर घरात सर्वांना माहीत. आकड्यांचं कुलूप घेतलं तर आकडा गाडीच्या नंबरचाच, आणि गाडीचा नंबर साऱ्या तालुक्याला पाठ. म्हणून हल्ली अंगठ्याचं कुलूप चालतं. आजोबांनी अंगठा उठवला आणि जमीन गेली. नातू अंगठा ठेवतो आणि पिस्तूल बाहेर येतं. एवढ्यालाच आमच्याकडे तीन पिढ्यांची प्रगती म्हणतात. शिवाय परवान्यासाठी ज्याच्यापासून जिवाला धोका दाखवला, तो चुलतभाऊ एका भिंतीपलीकडे राहतो आणि सुट्टीच्या दिवशी जेवायला इकडेच असतो. तिजोरी त्यानेच उतरवून घेतली. बोल्टही त्यानेच आवळले.

खरी अडचण वेगळीच आहे. तिजोरीत पिस्तूल दिसत नाही. मग घेतलं कशाला? लग्नात शर्ट किंचित वर सरकावा, बैलगाडा शर्यतीच्या घाटात कमरेवर हात ठेवून उभं राहावं, ठेक्याच्या बोलणीत खुर्चीवर बसताना ते टेबलाला हलकेच लागावं, यासाठी ते आहे. मुळशीत शेतकऱ्यांसमोर पिस्तूल फिरवल्याचा व्हिडिओ २०२४ मध्ये सबंध देशाने पाहिला. एवढी प्रसिद्धी कुठल्या तिजोरीत बसून मिळते? भाऊंनी दुकानदाराला काचेचं दार आणि आत निळा लाइट मागितला. तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० नावाचं भारतीय मानक आहे. ते लिहिणाऱ्यांना ही गरज सुचली नसावी. मध्य प्रदेशातल्या उमरटीहून आलेला बेकायदा कट्टा बाळगणाऱ्या पोरांना मात्र यातला एकही प्रश्न पडत नाही. त्यांची तिजोरी म्हणजे पँट.

बरं, निवडणूक लागली की भाऊंसारख्यांचं शस्त्र पोलीस ठाण्यात जमा. लोकसभा, विधानसभा, मग जिल्हा परिषद. तिथे पहारा असतो, पावती मिळते आणि भाडं शून्य. त्या दिवसांत भाऊ निःशस्त्र फिरतात आणि त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. जिवाला असलेला धोका बहुधा आचारसंहिता पाळत असावा.

इथवर गंमत होती. आता नदी ओलांडू. इंद्रायणीपलीकडे तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ रोजी केकवर लावायच्या फुलबाजी मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला आग लागली. आत काम करत होत्या त्या बहुतेक बायका. त्याआधी ३० ऑगस्टला चिखलीच्या पूर्णानगरमध्ये हार्डवेअरच्या दुकानात झोपलेलं चौघांचं कुटुंब आगीत गेलं. एका पिस्तुलाला परवाना लागतो, पोलिसांची चौकशी लागते, डॉक्टरचा दाखला आणि हमीपत्र लागतं. दारू भरलेल्या मेणबत्त्यांची ती शेड विनापरवाना चालू होती.

भाऊ, तुमच्या बंगल्यामागे पत्र्याच्या दोन शेड आहेत आणि परप्रांतीय कामगारांना भाड्याने दिलेल्या दहा बाय दहाच्या खोल्यांची रांग आहे. तिजोरीच्या दुकानात तुम्ही तीन प्रश्न विचारलेत : आगीत किती मिनिटं टिकेल, दार आतून अडकलं तर काय, आणि मदत येईपर्यंत आतल्या मालाचं काय होईल. प्रश्न अगदी बरोबर आहेत. तेच जरा त्या शेडमध्ये उभं राहून विचारा. उत्तर सापडलं नाही तर तिजोरीचे पैसे आधी तिथल्या दुसऱ्या दारावर घाला. पिस्तूल लोखंडाचं आहे, ते थांबेल.