हयातीचा दाखला सादर करणेबाबत

प्रति,
मा. एसीपी प्रद्युम्न,
सीआयडी, मुंबई
(आडनाव : रकाना रिकामा)

विषय : निधनानंतर पुन्हा कामावर रुजू होताना करावयाच्या पूर्ततेबाबत.

संदर्भ : १) आपली दि. २१ जानेवारी १९९८ पासूनची सेवा. २) आपले एप्रिल २०२५ मधील दुःखद निधन. ३) त्यानंतरचे आपले सुखद पुनरागमन.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला इसम असून आपला जुना प्रेक्षक आहे. सेवापुस्तिका लिहिण्यात माझी हयात गेली. मेलेला माणूस पगारपत्रकावर चालू राहिल्याची प्रकरणं मी निस्तरली आहेत. पण मेलेला माणूस स्वतः चालत येऊन आपल्याच खुर्चीत बसला, असं प्रकरण माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं. ते तुमच्या कृपेनं टीव्हीवर पाहिलं.

मालिकेतल्या खलनायक बार्बोसानं बॉम्ब लावला, तुम्ही गेलात. वाहिनीनं समाजमाध्यमांवर श्रद्धांजली वाहिली. देशभर हळहळ झाली. तुमच्या जागी एसीपी आयुष्मान म्हणून पार्थ समथान हे तरुण अधिकारी आले. मीही जड मनानं 'सेवेत असताना मृत्यू' असा शेरा मारून तुमची फाइल मिटली. आणि पाहतो तर काय, तुम्ही परत हजर! रुजू अहवाल नाही, वैद्यकीय प्रमाणपत्र नाही, मधल्या गैरहजेरीचा रजेचा अर्ज नाही. आम्ही पेन्शनर दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देतो. समोर धडधडीत उभे असलो तरी आमच्या जिवंत असण्यावर तिथं कुणाचा विश्वास बसत नाही. तुम्हाला मात्र एका माणसानं विचारलं नाही की, साहेब, दाखला कुठाय?

या निमित्तानं तुमची जुनी सेवापुस्तिका काढली, तर आक्षेपांची रांगच लागली.

पहिला आक्षेप पदाचा. १९९८ मध्ये तुम्ही सहायक पोलीस आयुक्त होतात, २०१८ मध्ये १५४७ भाग झाल्यावर मालिका थांबली तेव्हाही तेच होतात, आणि २१ डिसेंबर २०२४ ला पुन्हा सुरू झाली तेव्हाही तेच. इतकी वर्षं एकाच पदावर कुजलेला अधिकारी आमच्या कचेरीत असता, तर कर्मचारी संघटनेनं गेटसभा घेतली असती. त्यातून तुमची आस्थापनाच नियमात बसत नाही. राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे. मुंबईतल्या खुनांचा तपास मुंबई पोलीस करतात, त्यांची गुन्हे शाखा करते. सहायक पोलीस आयुक्त हे पदही आयुक्तालयातलं. म्हणजे पद एका खात्याचं, पाटी दुसऱ्या खात्याची आणि पगार कुठून निघतो ते देव जाणे. निदान पुण्याला बदली तरी मागून घ्यायची होती. तिथं दुपारी एक ते चार या वेळात गुन्हेगारही विश्रांती घेतात, असं मुंबईकर सांगतात.

दुसरा आक्षेप वयाचा. तुमची जन्मतारीख नोंदलेली नाही. म्हणून तुमच्या देहाचे धनी श्री. शिवाजी साटम यांची धरली. त्यांचा जन्म एप्रिल १९५० चा. राज्यात पोलीस अधिकारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, त्या हिशेबानं तुमचा निरोप समारंभ २००८ सालीच उरकायला हवा होता. साटम एके काळी बँकेत नोकरीला होते, त्यांना हे नियम मी काय सांगणार! त्यांचं तुमच्याआधीचं रेकॉर्डही बघितलं. तुमचे जन्मदाते बी. पी. सिंग यांनी मुंबई दूरदर्शनसाठी 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका केली होती, त्यातही साटम होतेच. तेव्हा वशिल्याचा संशय नको. अनुभवाचा दाखला जोडलेला आहे.

तिसरा आक्षेप दारांचा. हा लेखापरीक्षणाचा मुद्दा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही दाराशी येता. बेल असते, ती कुणी वाजवत नाही. कडीला कुणी हात लावत नाही. तुम्ही मान किंचित वळवून हुकूम सोडता आणि तुमचा सीनियर इन्स्पेक्टर दया दोन पावलं मागं सरकतो. त्याचा उजवा खांदा खाली जातो, जबडा आवळतो. कॅमेरा एकदा दाराकडे, एकदा त्याच्या बुटाकडे बघतो. मग लाथ. दार चौकटीसह आत पडतं आणि धुरळ्यातून सगळे पिस्तुलं रोखून शिरतात. आत बहुधा प्रेत असतं. ते पळून जाण्याची शक्यता कमी असते, तरी घाई तीच. माझा प्रश्न इतकाच : त्या दाराचा पंचनामा कोण करतो? घरमालकानं भरपाईचा अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा? दयाचं हे कसब इतकं गाजलं की, २०१४ च्या 'सिंघम रिटर्न्स'मध्येही दार तोडायला दया साकारणारे दयानंद शेट्टीच लागले. खुद्द बाजीराव सिंघमला दुसऱ्या खात्याची मदत घ्यावी लागली, ही प्रतिनियुक्ती कुठंच नोंदलेली नाही.

चौथा आक्षेप तुमचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे यांच्याबद्दलचा. बाहेरच्या जगात शवविच्छेदन जे. जे.सारख्या रुग्णालयात होतं, व्हिसेरा कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो आणि मग नातेवाईक अहवालाची वाट बघत महिनेच्या महिने हेलपाटे घालतात. साळुंखे निळ्या-हिरव्या द्रावणानं भरलेली नळी दिव्यासमोर धरतात, जरा हलवतात, आणि विषाचं नाव, ते देण्याची वेळ, झालंच तर देणारा डावखुरा होता की काय, हे तुमच्याशी भांडत भांडत सांगून मोकळे होतात. एक माणूस चार विभागांचं काम करतो आणि अतिरिक्त कार्यभाराचा भत्ता मागत नाही. अशानं बाकीच्यांच्या सवयी बिघडतात.

पाचवा आक्षेप सर्वांत गंभीर. तुमचा तपास एका थपडेवर संपतो. आरोपीच्या कानशिलात बसली की तो पहिल्यापासून सगळं ओकतो आणि तुम्ही तिथल्या तिथं त्याला फाशी सुनावता. साहेब, पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३ झालं. कबुलीसाठी मारहाण करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फाशी द्यायची ती न्यायालयानं, तीही दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच ठरवून दिलं. म्हणजे पंधराशेवर भागांतले तुमचे बहुतेक खुनी बरा वकील मिळताच सुटले असणार आणि आत तुम्हीच गेला असता. नवा कायदा लागू झाल्यावर पाच-सहा महिन्यांनी तुम्ही परत आलात, तरी हात तोच आणि गालही तोच.

एवढे आक्षेप वाचून तुम्हाला वाटेल, हा म्हातारा मालिकेवर खार खाऊन आहे. तसं नाही. ज्याला प्रेम नसतं तो चुका काढत बसत नाही, रिमोट उचलतो. तुमचा तो हात, छातीसमोर येऊन पाची बोटं पसरून, बल्ब बसवावा तसा हवेत फिरणारा, दिसला की आमच्या घरी भाजी चिरणारीही सुरी खाली ठेवते. कुछ तो गड़बड़ है, हे वाक्य तुमच्याआधी आम्ही म्हणतो. खुनी कोण हे पहिल्या जाहिरातीच्या आत ओळखतो, बहुतेक वेळा चुकतो, आणि पुढच्या शनिवारी तितक्याच आत्मविश्वासानं पुन्हा बसतो. ७ नोव्हेंबर २००४ ला तुम्ही मंडळींनी एकही कट न घेता १११ मिनिटांचा भाग सादर केलात. सलग १११ मिनिटं, चहाला न उठता! कचेरीत मी ते सांगितलं, तर लोकांनी ते काल्पनिक कथा म्हणून ऐकलं.

आणि नियमात न बसणं हीच तर तुमची किंमत आहे. सबंध नोकरीत मी लोकांना 'उद्या या' सांगितलं, कारण मलाही वरून तेच सांगितलं जायचं. फाइल पुढं सरकायला सही लागते, सहीला साहेब लागतो आणि साहेब दौऱ्यावर असतो. तुम्ही दौऱ्यावर गेलेले आम्ही पाहिले नाहीत. प्रकरण आलं त्याच रात्री निकाली. खातं पाहिजे तर असं, हे सर्वांना वाटतं. कायद्यानं तसं खातं चालू नये, हेही आम्हाला कळतं. म्हणून ते टीव्हीत आहे ते बरं आहे. तिथंच ते नीट चालू द्या. पोटच्या नकुलवर गोळी झाडणारा बाप हा तुमच्या नोकरीतला सर्वांत अवघड प्रसंग होता. त्याला कारण होतं, म्हणून तो लोकांच्या लक्षात राहिला. बार्बोसाच्या बॉम्बला टीआरपीखेरीज कोणतं कारण होतं, हे साळुंखेंच्या नळीतही दिसलं नाही.

कारण खरं जाणं काय असतं ते आम्ही पाहिलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये फ्रेडी साकारणारे दिनेश फडणीस गेले. वर्षभरानं मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा भाबडे प्रश्न विचारून तुमची बोलणी खाणारा फ्रेडी त्या टेबलाशी नव्हता. त्याला परत आणणारा लेखक कुणाकडेच नाही. एकीकडं ही भरून न येणारी जागा आणि दुसरीकडं तुमची चार दिवसांची श्रद्धांजली, या दोन्हींची नोंद एकाच वहीत करायला माझा हात धजत नाही. म्हणून तुमच्या मरणावर प्रथमच लेखी हरकत घेत आहे.

सबब विनंती की, हयातीचा दाखला माफ करून आपली सेवा खंडित न धरता पुढं चालू ठेवावी. निवृत्तीचं वय आपल्या बाबतीत शिथिल समजावं. पदोन्नती घेऊ नये, उगाच दिल्लीला पाठवतील. थप्पड शक्यतो आवरावी. आणि मरणाची रजा यापुढं पूर्वपरवानगीशिवाय घेऊ नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हेडक्लार्क (आस्थापना)

प्रत माहितीसाठी :
१) सीनियर इन्स्पेक्टर दया : या पत्राचं पाकीट उघडंच आहे. तोडू नये.
२) डॉ. साळुंखे : कोपऱ्यातला डाग चहाचा आहे. तपासणीची आवश्यकता नाही.
३) मालिकेचे लेखक : पुढच्या वेळी टीआरपी घसरल्यास बार्बोसाऐवजी कृपया पटकथेकडं पाहावं.