कवाय गेला, बाई!

"त्या होम डेपोच्या खोक्यांवरूनच ओळखायला हवं होतं," मेथीची जुडी कुंपणावरून माझ्या हातात देत काकू म्हणाल्या. "कवाय दुकानात दिसला म्हणे, आणि सामान बांधायची खोकी घ्यायला आला असं सगळं गाव कोकलायला लागलं. मी म्हटलं, असेल बाई घरातला नळ गळत."

"वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर घेणारा माणूस नळ दुरुस्त करायला स्वतः जाईल होय, काकू?"

"मग खोकी तरी स्वतः कशाला आणेल? पण बघ, गेलाच ना शेवटी!"

रविवार, ७ जुलै २०१९. मिसिसागातल्या आमच्या गल्लीत गवत कापायचं सोडून जो तो हेच बोलत होता. कवाय लेनर्ड टोरांटो सोडून लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे चालला, ही बातमी शनिवारी पहाटे आली. रॅप्टर्सनी, म्हणजे टोरांटोच्या बास्केटबॉल संघाने, एनबीएचं विजेतेपद मिळवलं त्याला महिनाही झाला नव्हता.

"मुहूर्त तरी काय साधला! शुक्रवारी रात्री तिकडे कॅलिफोर्नियात भूकंप, लास व्हेगासला चालू सामना थांबवलेला, आणि त्याच रात्री हे," काकू म्हणाल्या. "बरं, एकटा गेला असता तरी चाललं असतं. तो ओक्लाहोमाचा पॉल जॉर्जही त्याच संघात ओढून घेतलान."

"शहराने थांबवायला काही कमी केलं नाही हो. हॉटेलवाल्यांनी दारावर पाट्या लावल्या, की कवाय राहिला तर त्याला जेवण फुकट."

"आणि ते हेलिकॉप्टर! या आठवड्यात तो बोलणी करायला आला म्हणून विमानतळापासून गाड्यांच्या मागे बातमीवाल्यांचं हेलिकॉप्टर. आमचे हे म्हणाले, पंतप्रधानाच्या मागेसुद्धा असं कोणी लागत नाही. मी म्हटलं, पंतप्रधानाने कप कुठे आणलाय?"

"वाईट वाटलं का, काकू?"

"मला? मुळीच नाही. करारच वर्षाचा राहिलेला. आमच्या बेसमेंटमध्ये तो लुधियानाचा मुलगा होता, आठवतो? राहिला तेवढ्यात दहा वाक्यं बोलला नसेल. पण भाडं एक तारखेला, आणि रात्री बर्फ पडला की सकाळी ड्राइव्हवे साफ. असा भाडेकरू निघाला की रडायचं नसतं, डबा बांधून द्यायचा. माझा राग आहे तो त्या मसाईवर."

मसाई उजिरी म्हणजे रॅप्टर्सचा तेव्हाचा कारभारी. नायजेरियात वाढलेला, आणि काकूंच्या तोंडी गेलं वर्षभर 'तो निर्दयी'.

"अजून? कप आला तरी?"

"कप आला म्हणून डिमारचं झालं ते विसरायचं का? नऊ हंगाम खेळला गं तो इथे. या संघासाठी त्याच्याइतके गुण कोणी केलेले नव्हते. २०१६ मध्ये करार संपला तेव्हा दुसऱ्या कुठल्या संघाशी बोलायलाही गेला नाही, इथेच सही केली. डिप्रेशनबद्दल उघड बोलला, तेव्हा माझ्यासारखीला त्याच्याबद्दल दुप्पट वाटलं. आणि २०१८ च्या जुलैत त्यालाच सॅन अँटोनियोला पाठवून दिलं. तुला कुठे पाठवत नाही असं आधी सांगितलं होतं म्हणे!"

"पण काकू, त्याच्या आधीची तीन वर्षं आठवा. लेब्रॉन जेम्स यायचा आणि आपल्याला धुऊन जायचा. २०१६ मध्ये निदान दोन सामने तरी जिंकलो. पुढच्या दोन्ही वर्षी चार-शून्य. लोक टोरांटोला 'लेब्रॉन्टो' म्हणायला लागले होते. ५९ सामने जिंकून पूर्व विभागात पहिले आलो त्या वर्षीसुद्धा तेच झालं."

"त्याची शिक्षा कोणाला? आधी कोच केसीला. मे महिन्यात बिचाऱ्याला काढलं, आणि जूनमध्ये त्याच हंगामासाठी त्याला वर्षातला सर्वोत्तम कोच म्हणून पुरस्कार! पण तोही काही कच्चा नाही. डेट्रॉइटला गेला आणि गेल्या हंगामात आपल्याला तिन्ही वेळा हरवून उट्टं काढलंन."

"आणि डिमारच्या बदल्यात कवाय आला तो कसा? आदल्या वर्षी मांडीच्या दुखापतीने जेमतेम नऊ सामने खेळलेला. त्याला इथे यायचंच नव्हतं असं सगळे म्हणत होते."

"पत्रकारांपुढे पहिल्यांदा बसला तेव्हा काय म्हणाला, आठवतं ना? 'मी मजेशीर माणूस आहे.' आणि वर ते हसणं! माझी नात फोनवर सारखं ते हसू लावायची. मी तिला म्हटलं, अगं, हा हसतोय की इंजिन सुरू होत नाहीये?"

आम्ही दोघी एवढ्या मोठ्याने हसलो की पलीकडच्या पोर्तुगीज आजोबांनी टोमॅटोच्या वाफ्यातून मान वर केली.

"बरं, ८२ सामन्यांतले ६० खेळला," काकूंनी पुढे ओढलं. "बाकीचे विश्रांतीत. 'लोड मॅनेजमेंट'! ऑफिसात जाऊन एकदा सांगून बघ तू, आज माझं लोड मॅनेजमेंट आहे म्हणून."

"पण तीच विश्रांती प्लेऑफला कामी आली ना. नाहीतर फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या सामन्यात एकट्याने ४१ गुण केले असते का?"

काकूंनी हात जोडले. "त्या सामन्याचं नाव काढू नकोस. मदर्स डे होता, १२ मे. मुलगा मला बाहेर जेवायला नेणार होता, मी म्हटलं घरीच मागव. ९०-९० अशी बरोबरी, चार सेकंद उरलेले. हा चेंडू घेऊन उजवीकडच्या कोपऱ्यात पळाला, समोर तो ताडमाड एम्बीड. फेकला तो इतका उंच, की मला वाटलं गेला बाहेर."

"कडेवर एकदा, दोनदा, तीनदा, चारदा टप्पे."

"आणि आत! यांच्या हातातली कॉफी गालिच्यावर. डाग अजून आहे. मी काढू देत नाही."

सातव्या सामन्याच्या अखेरच्या टोल्याला टाकलेल्या चेंडूने मालिका जिंकण्याची एनबीएच्या इतिहासातली ती पहिली वेळ. एम्बीड रडत बाहेर गेला. इकडे स्कोशियाबँक अरीनाबाहेर, ज्या चौकाला सगळे जुरासिक पार्क म्हणतात, तिथे पावसापाण्याची पर्वा न करणारी पोरं अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होती.

"एक विचारू, काकू? तो चेंडू चौथ्या टप्प्याला बाहेर पडला असता तर?"

"तर काय, जादा वेळ खेळले असते."

"आणि हरले असते तर? दुसऱ्याच फेरीत बाहेर. कवाय तेव्हाही गेलाच असता. डिमार तर गेलेलाच. मिरवणुकीत नाचलेले लोक आज मसाईबद्दल काय बोलले असते?"

"बोलले कसले! मीच त्याला विमानतळावर सोडून आले असते," काकू म्हणाल्या आणि क्षणभर मेथीच्या काड्या खुडत राहिल्या. "खरं आहे तुझं. चेंडू आत पडला म्हणून तो द्रष्टा. बोटभर बाहेर पडला असता तर दुष्ट. माणूस तोच, निर्णय तोच."

"व्यवहाराच्या दिवशी तर तो ना द्रष्टा होता ना दुष्ट. त्याने फक्त मोठी जोखीम घेतली होती."

"मला मात्र पहिल्यापासून वाटत होतं हं, की हा कवाय काहीतरी करणार."

"काकू! आणि त्याला आणणाऱ्या मसाईला वर्षभर 'निर्दयी' म्हणत होतात ना?"

"ते वेगळं आणि हे वेगळं. पुढच्या फेरीतलं मिलवॉकीचंच घे. पहिले दोन सामने हरलो तेव्हा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकेकाने हात टेकले होते. आता तेच लोक म्हणतात, आम्हाला खात्री होती. तिसरा सामना दोनदा जादा वेळेत गेला तेव्हा कुठे होती यांची खात्री?"

"त्यानंतर सलग चार जिंकलो. त्यात फ्रेडही सुटला."

"तो बाळाचा पायगुण! तिसऱ्या आणि चौथ्या सामन्याच्या मध्ये फ्रेड व्हॅनव्लीटला मुलगा झाला. तोवर पोराचा चेंडू काही जाळीत पडेना. बाळ आलं, आणि पाचव्या सामन्यात लांबून टाकलेल्या नऊपैकी सात आत. ज्याला ड्राफ्टमध्ये एकाही संघाने घेतलं नव्हतं तो हा मुलगा. आता याला काय म्हणशील?"

"झोप नीट न झाल्याचा फायदा म्हणेन. आणि त्याच चौथ्या सामन्यात तो गायक ड्रेक, काठावर उभा राहून कोचचे खांदे चोळत होता."

"चालू सामन्यात गं! मिलवॉकीवाले चिडले ते उगीच नाही. पण हा निक नर्स एवढा शांत, की मागे कोण आहे हेसुद्धा त्याने बघितलं नाही. एनबीएत मुख्य कोच म्हणून पहिलंच वर्ष त्याचं."

"फायनलला त्याने वॉरियर्सच्या स्टेफ करीसाठी काय डाव लावला माहीत आहे? चौघांनी जागा राखायच्या आणि एकाने नुसतं करीला चिकटायचं. माझा मुलगा म्हणाला, आई, हे तर आम्ही शाळेच्या टीममध्ये करतो."

"पास्कल सिआकामचं पण सांगायला हवं ना. कॅमेरूनचा मुलगा, धर्मगुरू व्हायचं म्हणून सेमिनरीत शिकत होता. बास्केटबॉल हातात घेतला तोच उशिरा. आणि फायनलच्या पहिल्या सामन्यात ३२ गुण, १७ पैकी १४ आत! कोणी कॅमेरूनचा, इबाका काँगोचा, गसोल स्पेनचा, वरती मसाई नायजेरियाचा. आपल्या गल्लीची जनगणना केली तर अशीच निघेल."

"एक गोष्ट मात्र लागली मनाला," मी म्हटलं. "फायनलच्या पाचव्या सामन्यात वॉरियर्सचा केविन ड्युरांट पाय धरून खाली बसला तेव्हा आपल्या इथल्या काही लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"शी! मी टीव्हीशीच भांडले. आपल्याच खेळाडूंना हात करून लोकांना गप्प बसवावं लागलं. आणि मग तो सामना एका गुणाने हरलो. मला विचारशील तर तसंच व्हायला हवं होतं. सहाव्या सामन्यात क्ले थॉम्पसनचाही गुडघा गेला. हे दोघे धडधाकट असते तर कप आला असता का, हे काही मला विचारू नकोस."

"तुम्ही तर आत्ताच म्हणालात, पहिल्यापासून वाटत होतं."

"कवायबद्दल म्हणाले. वॉरियर्सच्या गुडघ्यांबद्दल नाही."

"माझ्या मते श्रेय कवायचं नाहीच मुळी. कायल लाऊरीचं."

हे ऐकताच काकूंनी मेथी बाजूला ठेवली. "आता कशी खरं बोललीस! डिमार त्याचा जिवलग मित्र. तो गेल्यावर हा मसाईशी महिनोन्‌महिने धड बोलत नव्हता म्हणतात. पण खेळायचं काही कमी केलं नाही. ऑरलँडोशी पहिल्या सामन्यात शून्य गुण, शून्य! काय काय बोलले लोक त्याला. आणि १३ जूनला ओकलंडमध्ये शेवटच्या सामन्यात संघाचे पहिले ११ गुण एकट्याचे, एकूण २६. ११४-११० ने जिंकलो. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बक्षीस कवायला, ठीक आहे. पण सात वर्षं हा होता."

"आणि त्याच लाऊरीला २०१३ मध्ये मसाई न्यूयॉर्कला द्यायला निघाला होता. जवळजवळ ठरलं होतं. ऐन वेळी न्यूयॉर्कच्या मालकाने, जेम्स डोलनने, पाय मागे घेतला."

"काय सांगतेस? म्हणजे मसाईची ती जोखीम त्या डोलनने वाचवली?"

"हो ना. न्यूयॉर्कने तेव्हा हो म्हटलं असतं तर आज तुमच्या गालिच्यावर डाग नसता."

काकू विचारात पडल्या. "मिरवणुकीत त्या डोलनलाही बसवायला हवं होतं. नव भाटियांच्या शेजारी." भाटिया म्हणजे आमच्या मिसिसागातले गाड्यांचे व्यापारी, १९८४ साली भारतातून आलेले. १९९५ साली संघ सुरू झाल्यापासून घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी तोवर चुकवलेला नव्हता. पगडी घालून पहिल्या रांगेत.

"तुम्ही गेला होतात मिरवणुकीला?"

"सतरा तारखेला? गो ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, अर्ध्यातून परत आले. बरंच झालं. तिकडे चौकात गोळीबार झाला, चौघांना लागलं. जीव वाचले सगळ्यांचे, देवाची कृपा. पण लोक तरी काय वेडे! खरंच बाई, १९९३ च्या ब्ल्यू जेज नंतर या शहराने मोठा कप पाहिला नव्हता. हॉकीवाले तर १९६७ पासून नुसते 'पुढच्या वर्षी'."

एवढ्यात काका मागच्या दारातून बाहेर आले. कालची श्रीलंकेची मॅच त्यांच्या अंगातून अजून उतरली नव्हती.

"कोण गेला आणि कोण आला! रोहितचं या वर्ल्ड कपातलं पाचवं शतक झालं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. आणि मंगळवारी सेमीफायनलला न्यूझीलंड. त्यांच्याशी आधीची मॅच पावसात गेली, १३ जूनला, तुमच्या कपाच्याच दिवशी. आता सुटायचे नाहीत!"

"काका, चेंडू कडेवर कसा पडेल ते सांगता येत नाही," मी म्हटलं.

"क्रिकेटमध्ये कडा नसतात," काका म्हणाले.

"बॅटला असतात," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "पण हे म्हणतात ते खरं आहे हो. न्यूझीलंडचं काय घेऊन बसलीस? मंगळवारी पहाटे साडेपाचला चहाला ये. आणि रविवारी लॉर्ड्सवरच्या फायनलला आमच्याकडेच जमायचं, तेव्हा किती जण येणार ते आजच सांग. साबुदाणा त्या हिशेबाने भिजवते."